"बोलायची थांबली की उतरवणे": आजेसासूबाईंच्या वहीतलं पुडिंग आणि माझा ओव्हन

केवड्याचं_बन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माहेर सावंतवाडी, सासर फोंडा, लग्नाला एकवीस वर्षं झाली. दोन्हीकडची तवशी, म्हणजे जून काकड्या, खाऊन वाढलेली बाई मी, आणि आज एका तवशानेच रडवलंय.

गेल्या महिन्यात माळा आवरताना आजेसासूबाईंची वही सापडली. पोर्तुगीज अमदानीतली. अक्षर मराठी शाळेतलं, टपोरं, पण शब्दांची सरमिसळ. चमच्याला कुलेर, भट्टीला फोर्न. मापं म्हणजे "एक नारळ", "एक तवसें", "गूळ गोड लागेल तितका". वेळ कुठेच लिहिलेली नाही, बहुधा घरात घड्याळ एकच आणि ते बाहेर ओसरीवर.

शेजारच्या ख्रिश्चन बाई नाताळात अंड्याचं पुडिंग पाठवायच्या. त्याला सगळे "पुदीं" म्हणायचे. आमच्याकडे म्हाताऱ्या मंडळींना अंडं चालत नसे. मग आजेसासूबाईंनी एका पानावर काकडीच्या भाजलेल्या गोड केकला, म्हणजे धोणशीला, जरा ठसक्यात मथळा दिलाय:

"आमचें पुदीं. तवशाची धोणस. कण्या तुपावर भाजणे. तवसें किसून पाण्यासकट. गूळ, खोबरें, वेलची, किंचित मीठ. तूप सढळ. खाली निखारे थोडे, वर पुष्कळ. बोलायची थांबली की उतरवणे."

पहिला प्रयत्न शिटी काढलेल्या कुकरमध्ये. झाला ओलागच्च सांजा, वर झाकणातून टिपकलेल्या पाण्याचं तळं. दुसरा ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, १८० अंशांवर ४५ मिनिटं. वरून वाळलेलं अंगण, आतून लापशी. तिसऱ्यांदा करायची हिंमत नाही, कारण घरातल्यांनी आता काकडीकडे बघणंच सोडलंय.

दोन प्रश्न. वरचे निखारे आजच्या ओट्यावर कुठून आणायचे? आणि "बोलायची थांबली" म्हणजे काय? सासूबाईंना विचारलं (त्या आजेसासूबाईंना आत्या म्हणत) तर म्हणाल्या, "कोण बोलायची थांबली, धोणस की आत्या? आत्या तर कधी थांबल्या नाहीत."

सोलकढीवाला

सासूबाईंना साष्टांग. फोटो कुठाय?

केवड्याचं_बन

लापशीचा फोटो टाकून घराण्याची अब्रू घालवू?

दुसरं_दूध

ताई, काकडी कोणती घेतलीत? सॅलडची हिरवी असेल तर तिथेच घोळ. वहीतलं तवसं म्हणजे पावसाळ्यातलं, जून झालेलं, पिवळट, हातभर लांब. त्याचा गर घट्ट असतो. बिया आणि मधला मऊ भाग काढून फक्त गर किसायचा. कोवळ्या काकडीला नुसतं पाणी सुटतं, कण्या तेवढं पीत नाहीत, खाली लापशी होणारच. आणि किसण्याआधी देठाकडचा तुकडा कापून चाखायचा. कडूपणा बहुतेक देठाकडे असतो. एक कडू तवसं अख्खी धोणस घालवतं, वर गूळ कितीही ओता.

माझं माप: तांदळाच्या कण्या २ वाट्या, किसलेला गर पाण्यासकट २ वाट्या, गूळ सव्वा वाटी, ओलं खोबरं १ वाटी, तूप पाव वाटी कण्या भाजायला आणि भांड्याला वेगळं. वरून पाणी अजिबात नाही. मिसळून तासभर झाकून ठेवायचं, कण्यांना प्यायला वेळ हवा. मिसळण कोरडं वाटलं तर दोन चमचे नारळाचं दूध.

म्हापशाची_मिरची

याला आम्ही तवसळी म्हणतो. धोणस फणसाची असते. उगाच नावं बदलू नका.

केवड्याचं_बन

माझ्या माहेरी धोंडस म्हणतात आणि ते काकडीचंच. वहीत धोणस आहे. मी वहीबरोबर.

पाखाडीतला_पोर

आमच्याकडे वाफवलेली ती तवसळी, निखाऱ्यांवर भाजलेली ती धोणस. काकडी असो की फणस. हे मान्य करून पुढे गेलात तर या धाग्याची शंभरी नावावरूनच भरणार नाही.

म्हापशाची_मिरची

वाफवलेली-भाजलेली हा फरक मान्य. फणसाचा मुद्दा सोडलेला नाही, नोंद घ्यावी.

खाजनातला_खेकडा

निखाऱ्यांवर येतो. लहानपणी आजोळी हे रोज बघितलंय.

पितळेचं कल्हईचं जाड पातेलं, आत तूप लावलेलं केळीचं पान. वर काठ असलेलं खोलगट झाकण, त्यात सोडणांचे (नारळाच्या सालींचे) आणि करवंट्यांचे निखारे. आता यात दोन कामं एकदम चालतात, आणि ओटीजीत तीच फुटतात. एक, वरून ऊब खाली फेकली जाते, म्हणून वरची बाजू खरपूस. दोन, झाकण बंद असल्यामुळे आतली वाफ आतच राहते, म्हणून कण्या शिजतात. तुमच्या ओटीजीत पंखा असेल तर तो सगळी वाफ ओढून नेतो. वरची साल आधी वाळते, आतल्या कण्या उपाशी. कुकरमध्ये उलटं, वाफच वाफ, भाजणं शून्य. म्हणजे तुमचे दोन प्रयत्न अर्धे-अर्धे बरोबर होते.

वर पुष्कळ आणि खाली थोडे का, तर खालचा धातू आणि तूप मिळून तळ लवकर धरतं. वरच्या उबेला मधली पोकळी ओलांडून यायचं असतं.

गॅसवर असं करून बघा. खाली जुना जाड तवा, त्यावर पातेलं, बारीक आच. बिर्याणीला दम देतो तसंच. दुसऱ्या शेगडीवर बिडाचा तवा दहा मिनिटं सणसणीत तापवायचा आणि तोच पातेल्यावर झाकण म्हणून ठेवायचा. पातेलं तव्यापेक्षा लहान हवं आणि पीठ काठापासून चार बोटं खाली. तवा निवला की पुन्हा तापवा, तेवढ्या वेळापुरतं साधं झाकण. तीनदा करावं लागेल. सांडशी मजबूत घ्या, आणि पोरांना स्वयंपाकघरातून हाकला. बिडाचा तापलेला तवा पायावर पडला तर पुडिंग विसरा.

ओव्हनपीडित

एवढी सर्कस कशाला? ओटीजीत पंखा बंद, भांड्यावर केळीचं पान आणि वर फॉइल घट्ट, १६० अंशांवर ५० मिनिटं. मग फॉइल काढून फक्त वरची कॉइल, दहा मिनिटं. झालं. मी फणसाची अशीच करते.

खाजनातला_खेकडा

चालेल की. तुमची सर्कस शहाणी आहे, माझी जुनी.

शंकासुर

मूळ प्रश्न राहिलाच. "बोलायची थांबली" म्हणजे काय? काव्य असेल तर सोडून द्यावं, सूचना असेल तर समजून घ्यावी.

दुसरं_दूध

सूचना आहे. शंभर टक्के. कडेने तूप सोडता ना, ते तापलं की मिश्रणातलं पाणी तुपात येऊन फुटतं आणि चुरचुर वाजतं. जोवर आत सुटं पाणी आहे तोवर चुरचुर. पाणी संपलं की आवाज बसतो, मग नुसतं तूप कडेला स्वच्छ दिसतं. आई शिऱ्यालासुद्धा म्हणायची, "अजून रडतोय बघ." झाकण काढलं की ऊब जाते आणि निखारे आत सांडायची भीती, म्हणून डोळ्यांऐवजी कानाने बघायचं.

केवड्याचं_बन

अगं बाई. आणि ओटीजीच्या बंद दारामागे, पंख्याच्या घरघरीत मला काय ऐकू येणार होतं, कप्पाळ!

टेम्सतीर

लंडनहून. मूळचा डिचोलीचा. हे वाचून थक्क झालो, कारण माझ्या इथल्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईसुद्धा पुडिंग कानानेच करतात, फक्त उलट्या बाजूने.

नाताळचं प्लम पुडिंग. नावात प्लम, आत एक नाही. जुन्या इंग्रजीत मनुकांनाच प्लम म्हणत. हे भाजत नाहीत, सहा-आठ तास वाफेवर ठेवतात, पूर्वी कापडात गुंडाळून पाण्यात उकडत. इतका वेळ उकळताना पाणी आटून भांडं जळू नये म्हणून बाई तळाशी काचेची गोटी टाकतात. पाणी आहे तोवर गोटी खडखडते. खडखड थांबली की धावत जाऊन उकळतं पाणी ओतायचं. म्हणजे तुमच्याकडे गप्प झालं की तयार, इथे गप्प झालं की बोंबला.

सोलकढीवाला

मोदकपात्रात रुपयाचं नाणं टाकायची आमची आजी. याच कामाला. मला वाटायचं लक्ष्मी म्हणून.

पाखाडीतला_पोर

टेम्सतीर, त्यात म्हणे चरबी घालतात?

टेम्सतीर

हो, स्यूट. गाय-बैल किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी, किसून. आमच्या घरी चालणार नाही. पण तिचं काम काय ते कळलं की बदली सापडते. ती लोण्यापेक्षा उशिरा वितळते. तोवर भोवतीचं पीठ थोडं धरलेलं असतं, मग चरबी विरघळून तिथे बारीक पोकळी राहते, त्यामुळे इतकं जड पुडिंगही दगड होत नाही. मी घट्ट तूप डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवतो आणि थंड किसणीवर भराभर किसून शेवटी मिसळतो. स्यूटइतकं हलकं नाही होत, तूप लवकर वितळतं. पण आई आल्या होत्या तेव्हा त्यांनी दोनदा घेतलं, आणि आमच्या आई दुसऱ्याच्या हातचं दोनदा घेत नाहीत.

पाखाडीतला_पोर

निखाऱ्यांचा विषय निघालाय तर बेबिंकवर, गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थावर, बोलल्याशिवाय राहवत नाही. मडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून एक आंटी राहायच्या. डिसेंबरात त्यांच्या मागच्या दारी आम्हा पोरांना एकच काम, झाकणावरचे निखारे फुंकणी न वापरता पंख्याने लाल ठेवायचे. फुंकलं की राख उडून थरावर बसते, आणि मग आंटींचा हात गालावर.

दहावीनंतर त्यांनी प्रमाण सांगितलं: नारळाचा आपरस अर्धा लिटर (पहिलं जाड दूध, दुसरं चालत नाही), १० बलक, साखर ३५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, जायफळ, आणि तूप किती ते विचारायचं नाही. साखर आपरसात पूर्ण विरघळवायची, मग बलक, मग मैदा, आणि गाळून घ्यायचं. एक गुठळी राहिली तर ती नेमकी वरच्या थरात दिसते.

ओटीजीत मी असं करतो. भांडं आधी तापवून चमचाभर तूप. एक पळी मिश्रण. पहिला थर खाली-वर दोन्ही कॉइलवर, नंतरचे सगळे फक्त वरच्या कॉइलवर. प्रत्येक थर बारा ते पंधरा मिनिटं, वर तपकिरी डाग उठेपर्यंत. मग त्यावर तूप, मग पुढची पळी. घाई करून आधीचा थर पांढरा असताना ओतलात तर दोन थर एकमेकांत मिसळतात आणि कापल्यावर पट्टे दिसत नाहीत. सात थरांना माझे तीन तास जातात. पूर्ण गार झाल्याशिवाय उलटं करू नका. मी एकदा केलं, ते ताटात पसरलं, आणि बायकोने त्याला "बेबिंकचा शिरा" नाव दिलं ते आजतागायत चालू आहे.

ओव्हनपीडित

दहा पांढऱ्यांचं काय करता?

पाखाडीतला_पोर

सुसपीर. पांढरं आणि साखर फेटून मंद आचेवर वाळवायचे. पोर्तुगीजमध्ये शब्दाचा अर्थ उसासा. नाव अगदी चपखल, तोंडात टाकलं की तेवढंच उरतं.

शंकासुर

बेबिंक म्हटलं की बिबियाना नावाच्या जोगिणीची गोष्ट येतेच. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात तिने सात टेकड्यांसाठी सात थर रचले वगैरे. गोष्ट म्हणून ठीक. पण फिलिपिन्समध्ये बिबिंगका नावाचा तांदळाचा केक आहे, केळीच्या पानात, खाली निखारे आणि वर निखारे. नाव जवळचं, कृती जवळची, आणि तिकडे ना टेकड्या ना बिबियाना. मला तरी जोगिणीपेक्षा जहाजांचा रस्ता जास्त पटतो.

म्हापशाची_मिरची

तुम्हाला गोड पदार्थातही खडा सापडतो. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळालंय, एवढं पुरे आहे.

शंकासुर

मानांकन बेबिंकला मिळालंय, दंतकथेला नाही. :)

उंबरठा

जरा विषयांतर. नाचणीचं तिजण कुणी करतं का हल्ली? माझ्या गुठळ्या होतात.

दुसरं_दूध

विषयांतर कसलं, तेही पुडिंगच. नाचणी रात्रभर भिजवा, मिक्सरला पाणी घालत बारीक वाटा, पंचाच्या फडक्यातून पिळून घ्या. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पुन्हा वाटा, दोनदा. सगळं दूध तीन-चार तास हलवू नका. सत्त्व खाली बसतं, वरचं लालसर पाणी ओतून टाका, उग्र वास त्यातच असतो. मग ते सत्त्व नारळाच्या दुसऱ्या दुधात गार असतानाच मिसळा, गूळ घाला आणि तेव्हाच गॅस पेटवा. गरम दुधात सत्त्व ओतलं की गुठळ्या ठरलेल्या. आपरस अगदी शेवटी, आणि नंतर उकळी नाही, नाहीतर तेल सुटतं.

उंबरठा

मी गरम दुधातच ओतत होते. वीस वर्षं.

सोलकढीवाला

वीस वर्षं खाणाऱ्यांची नावं कळवा, सत्कार करू.

केवड्याचं_बन

मंडळी, नऊ दिवसांनी परत आले.

तवसं बाणस्तारीच्या बाजारात मिळालं. विकणाऱ्या मावशींनी नखाने टोचून, वास घेऊन दिलं आणि विचारलं, "धोणशीक?" मी हो म्हटल्यावर पहिलं परत ठेवून दुसरं, अजून पिवळं काढून दिलं.

दुसऱ्या दुधाताईंचं माप, खेकडादादांचे दोन तवे. कण्या भाजल्या, तास मुरवलं. केळीच्या पानाला तूप, कडेने अजून तूप. बिडाचा तवा तापवून ठेवला आणि ओट्याशी स्टूल घेऊन बसले. ओटीजी नाही, मिक्सर नाही, एक्झॉस्ट फॅनही बंद. पोरांना सांगितलं, टीव्ही बंद करा, स्वयंपाक ऐकायचाय. धाकटा म्हणाला, आई, तू बरी आहेस ना?

आणि हो, बोलते! आधी काहीच नाही. दहा-बारा मिनिटांनी पातेल्याच्या एका कडेला बारीक चुरचुर, लांब पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तशी. मग गोल सगळीकडून. तवा बदलताना झाकण उचललं की आवाज मोठा, झाकलं की दबलेला. पस्तीस मिनिटांनी उत्तरेकडची बाजू गप्प झाली आणि गॅसच्या ज्वाळेकडची बोलतच होती, तेव्हा पातेलं अर्धं फिरवलं. हे वहीत नाही, पण आजेसासूबाईही फिरवत असणार. पंचावन्नाव्या मिनिटाला सगळं शांत. मला खरंच वाटेना, कान लावला, तर केस जळाल्याचा वास आला. तो धोणशीचा नव्हता.

एक चुकलं. तिसऱ्यांदा तवा फार तापला, मधोमध हाताएवढा काळा डाग पडला. तो खरवडला. बाकीची वरून तपकिरी, कापताना सुरीला कण्या चिकटल्या नाहीत. तुकड्याची कड कुरकुरीत, मध्ये ओलसर, तवशाचा गंध शेवटी मागून येतो.

सासूबाईंनी पहिला घास खाऊन काहीच म्हटलं नाही. मग दुसरा तुकडा घेतला, करपलेल्या बाजूचा, मुद्दाम. म्हणाल्या, "आत्यांची अशीच करपायची. मधोमध. आम्ही पोरं तेवढ्यासाठी भांडायचो."

धूर मात्र नाही आला.

ओव्हनपीडित

अभिनंदन!! धुरासाठी वाटीत निखारा आणि वर तुपाचा थेंब, धुंगार द्या की.

पाखाडीतला_पोर

नका हो. कोळशाच्या धुंगाराने धोणस पनीर टिक्क्यासारखी लागेल. सोडणाचा धूर वेगळा, गोडसर. नसेल तर नसू दे.

खाजनातला_खेकडा

शेगडी काढा अंगणात. तीन सोडणं आणि चार करवंट्या पुरतात. पावसात ओली असतात, दोन दिवस आधी चुलीच्या, सॉरी, फ्रिजच्या मागे वाळवा.

केवड्याचं_बन

फ्लॅट आहे दादा. दुसरा मजला. सोसायटीचे सेक्रेटरी खालीच राहतात आणि त्यांना गोड आवडत नाही.

म्हापशाची_मिरची

छान झाली असेल तवसळी.

केवड्याचं_बन

धोणस.

उंबरठा

मी पण आत्ता लावलीये, ताईंच्याच पद्धतीने. सत्तर मिनिटं झाली आणि अजून बोलतेय. थांबायचं नावच नाही. काय करू?

दुसरं_दूध

काकडी कुठली घेतलीत?

उंबरठा

सॅलडची.